जुने चित्रप्रदर्शन छोट्या मॉडेलमध्ये पुन्हा मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शन संपते, चित्रे उतरतात, विकली जातात, वेगवेगळ्या संग्रहालयांत जातात. चित्र मागे उरते, त्याच्यावर लिहिले जाते. पण ते कोणाच्या शेजारी लागले होते, किती उंचीवर होते, दारातून आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काय दिसायचे, हे सगळे पुसले जाते. मॉडेल बांधून ती मांडणी पुन्हा उभी करता येते. कलाशाळेतले विद्यार्थी, शिक्षक आणि घरच्या टेबलावर असे काम करू पाहणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच प्रदर्शन घेतले आहे: पेत्रोग्रादमधले (आजचे सेंट पीटर्सबर्ग) ‘०,१०’.

पेत्रोग्रादचेच प्रदर्शन का?

कारण त्याचा पुरावा शिकायला अगदी योग्य आहे: थोडा, पण पक्का. रशियातल्या जुन्या पंचांगाप्रमाणे १९ डिसेंबर १९१५ रोजी, म्हणजे आजच्या हिशोबाने १ जानेवारी १९१६ रोजी, नादेझ्दा दोबिचिना यांच्या कलादालनात ते सुरू झाले. नाव होते ‘शेवटचे भविष्यवादी चित्रप्रदर्शन ०,१०’. दहा कलावंत अपेक्षित होते, प्रत्यक्षात चौदा आले. त्यात काझिमीर मालेविच होते, व्लादिमीर तात्लिन होते, ल्युबोव पोपोवा आणि ओल्गा रोझानोवा होत्या. इवान पुनी आणि त्यांची पत्नी क्सेनिया बोगुस्लाव्स्काया यांनी सगळी जुळवाजुळव केली होती.

मालेविचचा ‘काळा चौकोन’ लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो इथे. त्याच्या चित्रांचे जे प्रसिद्ध छायाचित्र आज सगळीकडे छापले जाते त्यात खोलीचा एक कोपरा आहे, दोन भिंती आहेत, एकवीस चित्रे आहेत, चित्रांशेजारी डकवलेल्या कागदी चिठ्ठ्या आहेत आणि एक साधी खुर्ची आहे. कॅटलॉगमध्ये मालेविचच्या नावावर ३९ ते ७७ या क्रमांकांची एकोणचाळीस कामे नोंदलेली आहेत. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त दिसतात, बाकीची दिसत नाहीत. या ‘बाकीच्यां’चे काय करायचे, हाच या सगळ्या कामातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढे सविस्तर दिले आहे.

असे काम आधी कोणी केले आहे का?

लहान आकारातल्या गॅलरीची परंपरा जुनी आहे. मार्सेल द्युशाँने १९३५ ते १९४१ या काळात आपल्याच ६९ कामांच्या छोट्या प्रतिकृती तयार करून एका पेटीत बसवल्या. पेटी उघडली की त्याचे सगळे आयुष्यभराचे प्रदर्शन टेबलावर मांडले जाते. लंडनमध्ये १९३४ साली सिडनी बर्नी या कलाव्यापाऱ्याने मदतनिधीसाठी एक छोटी मॉडेल गॅलरी भरवली. हेन्री मूर, पॉल नॅश, व्हेनेसा बेल अशा कलावंतांनी तिच्यासाठी मुद्दाम छोटी, पण अस्सल कामे करून दिली. ती आता चिचेस्टरच्या पॅलंट हाउस गॅलरीत आहे.

जुने प्रदर्शन जसेच्या तसे पुन्हा मांडण्याचे ठळक उदाहरण मात्र पूर्ण आकारातले आहे. हाराल्ड झेमान यांनी १९६९ साली बर्नच्या कुन्स्टहालेत भरवलेले प्रदर्शन २०१३ मध्ये व्हेनिसच्या एका जुन्या वाड्यात, प्राडा फाउंडेशनच्या जागेत, पुन्हा उभे राहिले. जेर्मानो चेलांत यांनी टोमास डेमांड आणि रेम कोल्हास यांना सोबत घेऊन बर्नच्या खोल्याच त्या वाड्याच्या आत बसवल्या. जी कामे मिळाली नाहीत त्यांच्या जागी भिंतीवर आणि जमिनीवर तुटक रेषांनी फक्त आकार आखला होता. छोटे मॉडेल करणाऱ्याने या प्रदर्शनाकडून काय उचलावे असे कोणी विचारले, तर मी त्या तुटक रेषाच सांगेन.

प्रमाण किती ठेवावे?

१:१२. बाहुलीघरांचे प्रमाण तेच असल्यामुळे खुर्ची, दाराची मूठ अशा वस्तू तयारही मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या प्रमाणात चित्र वाचता येते. ‘काळा चौकोन’ मुळात ७९.५ सेंटीमीटरचा आहे; १:१२ मध्ये तो ६.६ सेंटीमीटर होतो. मालेविचचा लाल चौकोन ५३ सेंटीमीटरचा, तो ४.४ होतो. हेच १:५० ला नेले तर काळा चौकोन जेमतेम दीड सेंटीमीटरचा उरतो. वास्तुविशारदांना इमारत दाखवायला ते चालते, चित्रप्रदर्शनाला नाही.

जागा कमी असेल तर १:२० पर्यंत जा. सहा मीटर बाय चार मीटरची खोली १:१२ मध्ये ५० बाय ३३ सेंटीमीटर होते आणि १:२० मध्ये ३० बाय २०. प्रमाण एकदा ठरले की बदलू नका. एखादे चित्र ‘नीट दिसत नाही’ म्हणून थोडे मोठे छापण्याचा मोह हमखास होतो, आणि तिथेच प्रदर्शन बिघडते.

एका छायाचित्रावरून मोजमापे कशी काढायची?

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बोर्ड कापायला फारसा वेळ लागत नाही.

छायाचित्र तिरके असते, म्हणून त्यावर सरळ पट्टी ठेवून मोजता येत नाही. प्रत्येक भिंत वेगळी धरायची. त्या भिंतीवरचे असे चित्र शोधायचे जे आज एखाद्या संग्रहालयात आहे आणि ज्याचे माप ठाऊक आहे. संगणकावर त्या चित्राचे चार कोपरे पकडून ते त्याच्या खऱ्या लांबी-रुंदीच्या प्रमाणात येईपर्यंत अख्खी भिंत ओढायची. चित्र सरळ झाले की भिंत सरळ होते, आणि मग शेजारच्या अनोळखी चित्रांची मापे, त्यांच्यामधली अंतरे, चिठ्ठ्यांची उंची हे सगळे मोजता येते. त्यानंतर त्याच भिंतीवरचे दुसरे ओळखीचे चित्र घेऊन पडताळा करायचा. आकडा जुळला नाही तर दोन शक्यता असतात: चित्राची ओळख चुकली आहे, किंवा चित्र दोरीवर टांगल्यामुळे वरच्या बाजूने पुढे झुकले आहे.

‘०,१०’मध्ये इथे एक मोठी अडचण येते. सगळ्यांच्या ओळखीचे आणि माप पक्के ठाऊक असलेले चित्र म्हणजे काळा चौकोन. साहजिकच पट्टी म्हणून हात त्याच्याकडेच जातो. पण तो दोन्हीपैकी कुठल्याच भिंतीवर नाही. तो वर, छताजवळ, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर आडवा लावलेला आहे. रशियन ऑर्थोडॉक्स घरात ज्या कोपऱ्यात देवाची प्रतिमा असते, नेमक्या त्या जागी. त्यामुळे त्याचे माप कुठल्याही भिंतीला लावले तर सगळी खोली चुकते. दोन्ही भिंती आधी इतर चित्रांवरून सरळ करा आणि चौकोन सगळ्यात शेवटी बसवा. मॉडेलमध्ये त्याच्यामागे कोपऱ्यात छोटी त्रिकोणी पोकळी राहिली पाहिजे. ती राहिली नाही, तर तुम्ही तो एका भिंतीला चिकटवला आहे, आणि मालेविचने मुद्दाम जे केले ते गेले.

खुर्चीचाही आधार घेता येतो, पण बेताने. बैठकीची उंची साधारण ठरलेली असते, तरी खुर्ची कॅमेऱ्याच्या किती जवळ आहे यावर सगळे अवलंबून. पडताळ्यासाठी वापरा, पाया म्हणून नको.

चित्रांच्या प्रतिमा इंटरनेटवरून घेऊन छापल्या तर चालतील?

चालतील, पण तीन गोष्टी तपासा.

पहिली, ते तेच चित्र आहे का. मालेविचने काळा चौकोन नंतरही पुन्हा रंगवला. १९२३ च्या सुमाराचा, १०६ सेंटीमीटरचा चौकोन सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. १९२९ चाही एक आहे. पेत्रोग्रादला लागला होता तो १९१५ चा, आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत असलेला. शोधल्यावर पहिली जी प्रतिमा समोर येते ती यांपैकी कुठलीही असू शकते.

दुसरी, त्या चित्राचे वय. १९१५ च्या चौकोनावर आज तड्यांचे जाळे आहे आणि तड्यांतून खालचे रंग डोकावतात. आजचा फोटो छापला तर शंभर वर्षांचे तडे घेऊन चित्र उद्घाटनाला हजर राहील. त्या दिवशी ते ताजे होते. म्हणून हे एक चित्र छापू नका, हाताने रंगवा: जाड मॅट कागदावर आधी उबदार पांढरा रंग, तो वाळला की काळा. टेप लावून कडा धारदार करू नका. मूळ चौकोन भूमितीच्या हिशोबाने चोख नाही, त्याच्या बाजू किंचित ढळलेल्या आहेत, आणि हे साडेसहा सेंटीमीटरमध्येसुद्धा डोळ्यांना जाणवते.

तिसरी, दिशा. अमूर्त चित्र पुस्तकात कुठल्या बाजूने छापले आहे यावर विसंबू नका. छायाचित्रात ते जसे टांगले आहे तसे लावा.

छपाई मॅट कागदावर घ्या. चकचकीत कागदावर छोट्या दिव्याचा ठिपका पडतो आणि चित्र स्टिकर वाटू लागते. आणखी एक: कॅनव्हास चौकटीवर ताणलेला असतो, म्हणजे तो भिंतीपासून सुमारे दोन सेंटीमीटर पुढे असतो. १:१२ मध्ये हे जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर. तेवढ्या जाडीच्या ग्रे बोर्डवर छापील चित्र चिकटवा, कडेला कागद मागे वळवा आणि मग भिंतीवर लावा. त्या पावणेदोन मिलिमीटरची सावली पडली की खोलीत चित्रे टांगल्यासारखी वाटतात. सरळ भिंतीवर चिकटवली तर पोस्टाची तिकिटे दिसतात.

हरवलेल्या चित्रांचे काय करायचे?

तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना वेगळी वागणूक द्यावी.

काही चित्रे आज अस्तित्वात आहेत आणि छायाचित्रातही दिसतात. ती रंगीत लावा.

काही फक्त छायाचित्रात दिसतात, मूळ चित्र आता नाही. ती छायाचित्रातूनच काढून करड्या छटांत छापा. रंग भरू नका. मालेविचच्या इतर चित्रांवरून ‘इथे लाल असणार’ असे वाटते, आणि ते खरेही असेल, पण बघणाऱ्याला तुमचा अंदाज आणि पुरावा यांतला फरक कळायला काहीच मार्ग उरत नाही. रंगीत आणि करडी चित्रे शेजारी लागली की किती गेले ते सांगावे लागत नाही.

तिसरा प्रकार कॅटलॉगमध्ये नाव आहे पण कुठे लागले होते ते माहीत नाही अशांचा. ही भिंतीवर लावूच नका. मॉडेलच्या तळाशी किंवा बाजूच्या पट्टीवर त्यांच्या क्रमांकांची यादी द्या. खोलीचा जो भाग छायाचित्रात येत नाही तो कोराच ठेवा, किंवा भिंतच उभी करू नका; जमिनीवर तिची रेघ ओढा. अर्धी खोली रिकामी दिसते म्हणून लोक कासावीस होतात आणि ‘शोभेल असे’ काहीतरी भरतात. मला हे पटत नाही. प्रदर्शनाची मांडणी ही त्या कलावंतांनी घेतलेल्या निर्णयांची साखळी असते: हे वर, ते खाली, हे कोपऱ्यात. त्यात आपला एक निर्णय गुपचूप घुसवला की ती साखळी त्यांची राहत नाही. रिकामी भिंत लाजिरवाणी नसते.

भिंतीवरच्या चिठ्ठ्या, खुर्ची असल्या बारीकसारीक गोष्टी लागतात का?

लागतात, आणि मनापासून करा. ‘०,१०’च्या भिंतीवर क्रमांकांच्या साध्या कागदी चिठ्ठ्या आहेत. पुढे विसाव्या शतकाचे वळण मानली गेलेली चित्रे एका भाड्याच्या दालनात, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून टांगली गेली होती, हे त्या चिठ्ठ्यांमुळे कळते. आजच्या पांढऱ्याशुभ्र संग्रहालयात हीच चित्रे पाहताना ती घाई, तो धीटपणा जाणवत नाही. काळ्या चौकोनाला कॅटलॉगमध्ये ३९ क्रमांक होता आणि नाव नुसते ‘चौकोन’ असे, रंगाचा उल्लेख न करता. तुमच्या चिठ्ठीवरही तेवढेच लिहा.

चिठ्ठ्यांसाठी पातळ टिश्यू कागद घ्या. नेहमीचा कागद १:१२ मध्ये पुठ्ठ्यासारखा जाड दिसतो.

तात्लिनच्या शिल्पांसारख्या वस्तू कशा करायच्या?

तात्लिनने लोखंड, ॲल्युमिनियम, लाकूड आणि तारा वापरून कोपऱ्यात ताणलेल्या रचना केल्या होत्या. त्यांपैकी फार थोड्या टिकल्या. साहित्याशी प्रामाणिक राहा: धातूच्या जागी चंदेरी रंग फासलेला पुठ्ठा नको. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कात्रीने कापता येतो, गिटारची सर्वांत बारीक तार दोरखंडाचे काम करते. रचना भिंतीवर चिकटवू नका, तारांनी खरोखर ताणून धरा. तार सैल पडली तर दिसतेच.

मालेविच आणि तात्लिन यांचे उद्घाटनाआधी चांगलेच बिनसले होते. तात्लिन, पोपोवा आणि नादेझ्दा उदाल्त्सोवा यांच्या खोलीवर ‘व्यावसायिक चित्रकारांचे प्रदर्शन’ अशी पाटी लावली गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. मॉडेलमध्ये दोन्ही खोल्या करत असाल तर मधले दार उघडे ठेवा. एकाच दारातून दोन्हीकडे बघितले की भांडण कशावरून होते ते चर्चेशिवाय समजते: एकीकडे जमिनीचा आधार सोडून तरंगणारे रंग, दुसरीकडे वजन असलेले खरे लोखंड.

कुठला बोर्ड, कुठला गोंद?

भिंतींना पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, वरून मॅट कागद. जमिनीला बालसा किंवा पातळ प्लायवूड. कापायला स्टीलची पट्टी आणि नवे पाते. पाते बोथट झाले की कड फाटते. पांढरा फेव्हिकॉल बहुतेक सगळीकडे चालतो. थर्माकोलसारखा गाभा असलेल्या बोर्डवर स्प्रे रंग मारू नका, गाभा विरघळतो. भिंतीचा रंग काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात कळत नाही, फक्त उजळ की गडद एवढेच कळते. म्हणून तितक्याच उजेडाचा, रंगहीन करडा द्या.

प्रकाश कसा द्यायचा?

डिसेंबरअखेरीस त्या शहरात दिवसाचा उजेड सहा तासही नसतो. एक थंड, मंद उजेड खिडकीच्या बाजूने आणि एक उबदार दिवा वरून, असे दोन स्वतंत्र बटणांवर ठेवा. रंग खरे दिसावेत यासाठी सीआरआय ९० किंवा जास्त असलेली एलईडी पट्टी घ्या. प्रत्येक चित्रावर आजच्यासारखा वेगळा स्पॉटलाइट टाकू नका. तो काळच तो नव्हता.

संगणकावर थ्रीडीत केले तर सोपे नाही का?

काही बाबतींत उत्तमच. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०२४ मध्ये १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनाची संध्याकाळ व्हीआरमध्ये उभी केली, आणि ते जिथे भरले होते त्या, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत लोक चक्क फिरून आले. पण वर्गात पंधरा जण एकाच वेळी मॉडेलभोवती उभे राहून बोट दाखवत वाद घालू शकतात. शिकवण्यासाठी मला मॉडेलच हवे वाटते. मोजमापे मात्र संगणकावर काढा.

वाईट हेतूने भरवलेले प्रदर्शन पुन्हा मांडावे का?

हा प्रश्न म्युनिकमुळे येतो. १९ जुलै १९३७ रोजी नाझींनी तिथे ‘अध:पतित कला’ या नावाचे प्रदर्शन भरवले. सुमारे ६५० कामे, मुद्दाम दाटीवाटीने, वाकडी टांगलेली, भिंतीवर टिंगलीची वाक्ये. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्याची बरीच छायाचित्रे असल्यामुळे अभ्यासकांना खोलीवार मांडणी पुन्हा जुळवता आली.

मांडावे, असेच माझे मत आहे. द्वेष कसा टांगला जातो हे मांडणीतूनच दिसते; तीच चित्रे सुटी दाखवली तर ते दिसणार नाही. पण मॉडेल एकटे सोडू नये. भिंतीवरच्या वाक्यांचा मराठी अर्थ, कलावंतांची नावे आणि त्यांचे पुढे काय झाले हे शेजारीच लावा. आणि त्याची गोंडस छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकू नका.

आपल्याकडचे कुठले प्रदर्शन घेता येईल?

माझ्या मनात पहिले नाव येते ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मुंबईतल्या प्रदर्शनाचे. ७ जुलै १९४९, रॅम्पार्ट रो वरचे बॉम्बे आर्ट सोसायटीचे दालन, उद्घाटक मुल्कराज आनंद. गोव्यातल्या साळगावचे सुझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे, आणि रझा, आरा, बाकरे. जहांगीर आर्ट गॅलरी उघडायला अजून अडीच वर्षे होती, हेही लक्षात घ्या: तेव्हाचे दालन डोळ्यांसमोर आणताना जहांगीरच्या भिंती आणू नका.

सुरुवात बोर्ड कापून करू नका. त्या जुलैमधली वर्तमानपत्रे आधी बघा. एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे जुने अंक मिळतात. परीक्षणात ‘दाराशीच’, ‘समोरच्या भिंतीवर’ असा एखादा शब्द सापडला तरी एक चित्र जागेवर बसते. बाकरे शिल्पकार होते, म्हणजे जमिनीवरही काहीतरी असणार. नकाशात त्यासाठी जागा धरा.

दुसरे प्रदर्शन कोलकात्याचे. डिसेंबर १९२२ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात क्ले, कान्दिन्स्की, इटेन यांची जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेहून आलेली कामे गगनेंद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या कामांसोबत लागली. देसाऊच्या बाउहाउसने २०१३ मध्ये त्यावर प्रदर्शन केले होते.

परवानगी लागते का?

भारतात चित्रावरचा कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मालेविच १९३५ साली गेले, अमृता शेरगिल १९४१ साली. त्यांच्याबाबत अडचण नाही. आरा १९८५ मध्ये गेले, सुझा २००२ मध्ये, हुसेन २०११ मध्ये. त्यांचे हक्क अजून चालू आहेत. खासगी अभ्यासाला कायद्यात सवलत आहे, पण मॉडेल लोकांसमोर मांडायचे, तिकीट लावायचे किंवा फोटो छापायचे असतील तर हक्कदारांना आधी पत्र लिहा. छायाचित्रकाराचा हक्क वेगळा असतो, तोही तपासा.

फोटो कसे काढायचे?

१५० सेंटीमीटरची नजर १:१२ मध्ये साडेबारा सेंटीमीटरवर येते. मोबाइलचा लेन्स तेवढ्याच उंचीवर धरा. त्यासाठी एक भिंत निघणारी ठेवा. मूळ छायाचित्र ज्या जागेवरून काढले होते तिथे मोबाइल ठेवून एक फोटो घ्याच आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघा. कुठे घसरलात ते लगेच सापडते.

पावसाळ्यात मॉडेल टिकते का?

कोकणपट्टीत आणि मुंबईत जपावे लागते. बोर्ड दमटपणाने वाकतो, कागदाला बुरशी येते, कसर लागते. बोर्डच्या दोन्ही बाजूंना कागद लावा. एकाच बाजूला लावला तर तो त्या बाजूला ओढला जातो. ॲक्रिलिकचे झाकण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या ऑगस्टमध्ये एकदा बदला. चित्रे कायमची चिकटवू नका, काढता येतील अशी ठेवा. एखाद्या चित्राची नवी ओळख पटली किंवा जुने वर्तमानपत्र सापडले, तर ते काढून दुसरीकडे लावता आले पाहिजे.